अंगात तापलेलं दूध

बाळंतपणात वाढलेलं वजन उतरावं म्हणून सुरभी रोज सकाळी जाम गावाच्या रस्त्यानं भरभर चालून यायची. दारातच तिची सासू देवकाबाई वाटी पुढे करायची. "अंग तापलं, दूधबी तापलं. पहिले पिळून फेक, मंग लेकराले घे."

लेकरू टाहो फोडायचं आणि दूध मोरीत जायचं.

बाळाचं वजन वाढेना, तेव्हा दोघी त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. दूध फेकण्याचं ऐकून डॉक्टरीणबाई भडकल्या. "चालण्यानं दूध बिघडत नाही! तुम्ही फेकता, म्हणून हे उपाशी राहतं."

सुरभी संतापून सासूकडे वळली. देवकाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी तं वावरातून आल्यावर रोज मातीत पिळून टाकलं," ती पुटपुटली. "माही पहिली पोरगी सुकून सुकून गेली... ते भुकेनं गेली का जी?"