वर नाव नसलेली चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या अंगावर डिंकाचा एक चिकट पट्टा राहून गेला आहे. शाळेत कुठंही धूळ उडाली की ती आधी तिथं येऊन बसते. तो पट्टा कसा आला ते तुम्हाला सांगणार आहे. जरा हळू सांगेन, कारण मी दमलेली आहे.

मी सागवानाची पेटी आहे. वय एकोणीस. डोक्यावर एक फट, पुढं एक छोटं दार आणि दाराला पितळी कुलूप. माझ्यात कधी पैसे पडले नाहीत की खडू ठेवले गेले नाहीत. माझ्यात मुलं चिठ्ठ्या टाकतात, प्रार्थनेच्या. हलका कागद असतो, पण त्यावर जे लिहिलेलं असतं ते हलकं नसतं.

सिंदेवाहीच्या पुढं रस्ता जंगलात शिरतो, तिथं एका गावाला लागून आमची शाळा आहे. शाळा ख्रिस्ती आहे. प्रार्थनागृहाच्या भिंतीवर क्रूस आहे आणि मागं मुलांचं वसतिगृह. पण सकाळी जी मुलं रांगेत उभी राहतात, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी बुद्धांची तसबीर असते, कोणाच्या घरी पेनाची, म्हणजे गोंडांच्या देवाची, पूजा होते, कोणाचे वडील शुक्रवारी मशिदीत जातात. इथं हात मात्र सगळे एकदमच जोडतात.

मला घडवलं गफ्फार मिस्त्रींनी. प्रार्थनागृहाचे दरवाजे करून उरलेल्या फळ्या एकमेकींत बसवून त्यांनी मला तयार केलं. सिस्टर लिसी तेव्हा मुख्याध्यापिका होत्या. त्या केरळच्या, पण इतकी वर्षं इथं राहून इथल्यासारखंच बोलायला लागलेल्या. त्यांनी मला उलटीपालटी करून पाहिलं आणि विचारलं, "गफ्फारभाऊ, खिळे कुठी हायेत?"

"खिळा नाई मारला सिस्टर. खिळ्याले जंग पकडते. लाकडाले लाकूड पकडलं का मंग सुटत नाई," मिस्त्री म्हणाले. मग रंधा पुसत हळूच म्हणाले, "अन् दुआ ठेवाची पेटी हाय. तिले काऊन टोचाचं?"

त्यांची मुलगी आफ्रीन त्याच शाळेत तिसरीत होती. पहिली चिठ्ठी तिनंच लिहायला घेतली आणि अडली. "सिस्टर, वर कोणाचं नाव लिहू? आमचं लिहू का तुमचं?"

 तेव्हा सिस्टरांनी आमच्या शाळेचा एक नियम केला. चिठ्ठीत वर कोणत्याच देवाचं नाव लिहायचं नाही, ते ज्याचं त्यानं मनात ठेवायचं. खाली स्वतःचंही नाव लिहायचं नाही. फक्त ज्याच्यासाठी मागायचं आहे त्याचं नाव लिहायचं आणि त्याला काय त्रास आहे ते.

दर शनिवारी सकाळच्या प्रार्थनेत माझं दार उघडलं जाई. सिस्टर एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत. 'बाबा पहाटे मोहफुलं वेचायला जातात. वाघ त्यांच्या वाटेला न येवो.' 'ताईचं बाळ दूध पीत नाही.' 'आजोबांच्या बैलजोडीतलं एक जनावर बसून आहे, उठत नाही.' प्रत्येक चिठ्ठीनंतर अख्खी शाळा दहा श्वास शांत उभी राही. पहिलीतली मुलंसुद्धा. मग त्या सगळ्या चिठ्ठ्या स्वयंपाकघरात जात, मीराबाईंच्या चुलीत.

मीराबाई वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. नवरा गेल्यापासून त्या शाळेतच राहत. वाचता येत नव्हतं, तरी त्या चिठ्ठ्या पदरात घेत, भाताच्या मोठ्या पातेल्याखाली, गंजाखाली सरकवत आणि त्याच विस्तवावर शनिवारचा भात शिजे. वाढताना म्हणत, "सगळ्याइची काळजी जळली. आता जेवा."

अशी कितीतरी वर्षं गेली. माझं कौतुकही खूप झालं. पाहुणे येत, हात फिरवत, फोटो काढत. पण मित्रांनो, खरं सांगते, आठवडाभर ते सगळं पोटात धरून बसायचं हे सोपं काम नाही. सोमवारी पडलेली चिठ्ठी शनिवारपर्यंत मला एकटीला माहीत असते. मी काही करू शकत नाही. फक्त धरून ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर लिसींची बदली झाली. जाताना त्यांनी मला स्वतः तेल लावलं. जून अखेरीस नागपूरहून प्रफुल सर मुख्याध्यापक म्हणून आले. माणूस चांगला, वेळेचा पक्का. फक्त त्यांनी आमचा एकही शनिवार पाहिलेला नव्हता, आणि पाहण्याआधीच तपासणीचं पत्र येऊन पडलं. त्यात लिहिलं होतं की प्रत्येक शाळेत दर्शनी भागात तक्रारपेटी हवी.

तपासणी तीन दिवसांवर होती. सरांची नजर माझ्यावर गेली. "सोमाजी, ही रिकामीच दिसते. सध्या हिलाच व्हरांड्यात लावा. नवीन नंतर आणू."

सोमाजी शिपाई. त्यानं मला उचललं, कचेरीच्या बाहेर फलकाजवळ बसवलं आणि 'तक्रार पेटी' असं छापलेला कागद डिंकानं माझ्या छातीवर चिकटवला. तपासणी झाली. साहेबांनी वहीत खूण केली. नवीन पेटी मात्र आली नाही. शनिवारचं वाचनही सुरू झालं नाही. जुन्या शिक्षकांना वाटलं, सर सवडीनं सुरू करतील. सरांना वाटलं, शाळेत जे आहे ते इतकंच आहे.

व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे माझ्यावर उडत. लाकूड फुगलं, दार घट्ट बसलं. मोठी मुलं कागद वाचून माझ्या वाटेला येईनाशी झाली. पण वसतिगृहात राहणारी सहावीतली संघप्रिया एका दुपारी आली. दोन वेण्या, हाताला तेलाचा वास. तिनं कागद वाचला, मला नीट पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, "पेटी तर तीच हाय." नियमाप्रमाणे घडी घातलेली चिठ्ठी तिनं आत सोडली.

'मीराबाईंचे हात फार दुखतात. भाताचा गंज त्यांच्याकडून उचलला जात नाही. काल भात सांडला. कृपा करून काहीतरी करा.'

वर नाव नाही. खाली नाव नाही.

शनिवारी सरांनी शाळा समितीच्या दोन सदस्यांसमोर मला उघडलं, दार ओढून ओढून. चिठ्ठी वाचली. मित्रांनो, तुम्हीच सांगा, त्या माणसानं दुसरं काय समजावं? छातीवर तक्रार लिहिलेली पेटी, आणि पोटात असा कागद. तक्रार गुप्त ठेवायची असा दंडक होता, म्हणून त्यांनी ती आणखी कोणालाच दाखवली नाही. सोमाजीला नाही, जुन्या शिक्षकांना नाही. तिला दोन भोकं पाडली आणि फाइलीत लावली.

सोमवारी त्यांनी मीराबाईंना व्हरांड्यातच बोलावलं, माझ्यासमोर. आवाज मऊ ठेवून म्हणाले, "बाई, आता तुमचं वय झालं. गरम गंज हातातून निसटला, एखाद्या लेकराच्या अंगावर पडला तर? आता आराम करा."

"कोन म्हनलं, माह्याच्यानं होत नाई?"

सर जरा अडखळले. "मुलांनीच लिहिलंय."

मीराबाईंनी पदर तोंडाला लावला. "लेकराइनं लिवलं?" इतकंच त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत. त्यांच्याकडं भांडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुपारच्या एसटीनं त्या भावाच्या गावी गेल्या. मला वाटलं, माझे जोड आता सुटतील. एकोणीस वर्षांत मी कोणाचं दुखणं बरं केलं नसेल, पण कोणाला घराबाहेरही काढलं नव्हतं.

मीराबाईंची पिशवी घेऊन सोमाजी थांब्यावर गेला होता. परत येऊन तो व्हरांड्यात बसला. संघप्रिया धावत आली. "सोमाजीभाऊ, बाई कुठी गेल्या?"

"गेली भावाकडं. कोन्या पोट्ट्यानं तिच्यावर तक्रार लिवली मनते."

"काय लिवलं?"

"हात दुखतात, गंज उचलत नाई, भात सांडला, असं ते सदस्य बोलत होते. खाल्ल्या ताटाचं काही नाई पोट्ट्याइले."

संघप्रिया माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदाच माझ्या फटीत बोटं घातली. जणू तिची चिठ्ठी अजून आतच असेल. गफ्फार मिस्त्रींनी ती फट मापानं केली होती. कागद आत जातो, हात जात नाही. बोटं खरचटली तरी ती घालतच राहिली.

चार दिवस ती जेवायला बसायची आणि न जेवताच उठायची. पाचव्या दिवशी तिनं दुसरी चिठ्ठी टाकली. शनिवारी सरांनी ती उघडली आणि उभ्या उभ्या वाचली.

'मी तक्रार केली नव्हती. सिस्टर होत्या तेव्हा या पेटीत आम्ही प्रार्थना टाकायचो. मीराबाईंच्या हाताला आराम पडावा म्हणून मी लिहिलं होतं. माझी चिठ्ठी परत द्या. मीराबाईंना पण परत द्या. संघप्रिया, सहावी ब.'

माझ्या पोटातली ती पहिली चिठ्ठी, जिच्या खाली नाव होतं. नियम मोडून लिहिलेलं.

सर तो कागद धरूनच सोमाजीकडं वळले. मग म्हणाले, "सोमाजी, ही पेटी आधी कशाची होती?"

"प्रार्थनेची ना सर."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं काऊन नाई? मले वाटलं तुमाले मालूम असन. तुमी तर चर्चचे मानूस."

 सरांनी फाइल उघडली, भोकं पाडलेली ती चिठ्ठी काढली, खिशात ठेवली आणि सोमाजीला गाडीवर मागं बसवून निघाले.

पुढचं मी पाहिलं नाही. सोमाजीनं संध्याकाळी व्हरांड्यात सांगितलं, ते ऐकलं. भाताची रोवणी चालू होती. मीराबाई भावाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि त्याच दुखऱ्या हातांनी पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, पेंढ्या बांधत होत्या. सर बूट काढून शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहिले.

"बाई, चला परत."

"कायले? लेकराइले माहा भात गोड लागत नाई ना आता."

"माझी चूक झाली. मी चुकीचं वाचलं." सरांनी चिठ्ठी काढून वाचून दाखवली.

"अजून एक डाव वाचा," मीराबाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा वाचली. बाईंनी तिसऱ्यांदाही वाचायला लावली. मग म्हणाल्या, "हे संघप्रियाचं लिवनं हाय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"वाचता नाई येत. पन रोज झोपाच्या आंधी माह्या हाताले तेल कोन लावते, ते मले मालूम हाय." त्यांनी पेंढी खाली ठेवली. "पन सर, पोरीनं लिवलं ते खरंच हाय. गंज माह्याच्यानं उचलत नाई. तो कोन उचलन?"

"मी उचलेन."

बाईंनी सरांच्या हातांकडं पाहिलं. "तुमी? सांडसाल." आणि सोमाजी सांगत होता की, त्या हसल्या.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा प्रार्थनागृहात होते. सोमाजीनं कागद ओढून काढला, पाणी लावून घासलं, तरी डिंक पूर्ण गेला नाही. मुलं रांगेत होती आणि दारात मीराबाई. सरांनी ती दोन भोकांची चिठ्ठी घेतली आणि मोठ्यानं वाचली, जशी ती पहिल्यांदाच वाचायला हवी होती. 'मीराबाईंचे हात फार दुखतात.' शाळा दहा श्वास उभी राहिली. संघप्रिया उभी होती, मान खाली घालून. ती हात जोडायला विसरली होती.

मग चिठ्ठी चुलीत गेली. गंजाच्या दोन्ही कड्यांतून बांबू घातला होता. एका टोकाला सोमाजी, दुसऱ्या टोकाला सर. सरांच्या बाजूनं थोडं पाणी सांडलंच.  मीराबाई वाढताना नेहमीसारखं म्हणाल्या, "सगळ्याइची काळजी जळली. आता जेवा."

त्या दिवसापासून रोज साडेदहाला सर कचेरीतून उठतात आणि बांबूचं एक टोक धरतात. तक्रारपेटी आता वेगळी आहे, पत्र्याची, व्हरांड्यात. तिच्याकडं मी वाईट नजरेनं पाहत नाही. तिचंही काम गरजेचं आहे, आणि तिलाही एक दिवस थकवा येईल.

मीराबाईंचे हात अजून दुखतात. ते बरे झाले असं मी तुम्हाला सांगणार नाही. संघप्रिया अजून रोज तेल लावते. आणि माझं दार अजून फुगलेलंच आहे. शनिवारी उघडताना करकरतं.

मित्रांनो, कोणाच्या हातचा कागद तुमच्याकडं आला तर त्याला भोकं पाडायच्या आधी एकदा त्या माणसाकडं जाऊन या. गाव दूर असलं तरी, वाटेत चिखल असला तरी. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्यालाही वाचून दाखवा. आणि माझ्याकडं कधी आलात तर ओल्या फडक्यानं तो डिंक थोडा घासा. एका दिवसात तो जाणार नाही. पण दर शनिवारी कोणीतरी थोडा थोडा घासला, तर जाईल.