वांझ फुलांचा बाबा

लोहाऱ्याच्या शिवारात शिवप्पांच्या मळ्यावर माणसांची झुंबड उडाली होती. निजामाचं राज्य, त्यात लढाईची महागाई, तरी चार-चार कोसांवरून लोक चालत आले होते. अख्ख्या मळ्यात काकडी धरत नव्हती. बोटाएवढी व्हायची, पिवळी पडायची, गळायची. पण भस्मेबाबा ज्या फुलावर घोंगडी धरून मंत्र घालायचा, तेवढीच काकडी दोन-तीन दिवसांत टरारून फुगायची.

"पाताळाचा पाट, नागाची गाठ, उघड रे वेला पोटाची वाट! हूं फट्!" बाबा गरजला आणि पोलीस पाटलासकट सगळ्यांनी हात जोडले.

हे सारं नीलम्मा कडब्याच्या खोलीतून, तुराट्यांच्या कुडाला पडलेल्या फटीतून बघत होती. दाराला बाहेरून कडी होती.

ती शिवप्पांची सून. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. वेलांचा पहिला बहर गळाला तेव्हा बाबानं तिच्याकडंच बोट केलं होतं. "हिची सावली पडली. मळा फळंना तवर हिला कोंडा. आन् ज्या फुलामागं काकडी न्हाय ती वांझ फुलं. रोज तांबडं फुटताच खुडून माझ्यापुढं आणा."

सासू गिरिजाबाई तोंड फिरवून भाकरी आत सरकवायची. कडब्याचं कूस अंगभर टोचायचं, दुपारी श्वास कोंडायचा. नवरा मल्लिनाथ कुडापाशी येऊन नुसता उभा राहायचा.

"कडी काढा की," ती म्हणायची.

"थोडं दिवस काढ. बाबा म्हणतेत..." पुढं त्याला बोलवायचं नाही.

पळावं तरी कुठं? माहेरी टाकलेली म्हणवून घ्यायचं, आणि चावडीवर जावं तर पाटीलच बाबाच्या पायाशी. त्यात सोमवारी मल्लिनाथच्या दुसऱ्या लग्नाचा कौल निघणार होता. नीलम्मा रडून थकली आणि फटीतून बघत बसली.

म्हणूनच तिला दिसलं. लोक बाबाच्या पुढ्यात बसत. खोली त्याच्या पाठीशी होती. मागून घोंगडी उघडी राहायची. बाबानं टोपलीतलं एक 'वांझ' फूल उचललं, पाकळ्या ओरबाडल्या आणि आतला पिवळ्या भुकटीचा देठ मागं काकडी असलेल्या फुलात हळूच घोळवला. मंत्र वर चालूच होता.

नीलम्माला माहेरचा मळा आठवला. तिथं फुलं कुणी खुडत नव्हतं. हीच पिवळी भुकटी पायांना माखून मधमाशा दिवसभर या फुलातून त्या फुलात शिरायच्या, आणि काकड्या ठेवायला जागा पुरायची नाही. इथं ती भुकटीच रोज सकाळी टोपलीत जात होती! काकडी कोण मारतंय, हे तिला कळून चुकलं.

सोमवारी कौलाला माणसं जमली, तशी ती आतून ओरडली, "मामा! बाबांना घोंगडीबिगर मंत्र म्हणू द्या! रिकाम्या हातानं! मळा तुमचा हाय, तुमी बघा!"

"घोंगडी गुरूची हाय!" बाबा चवताळला. "काढली तर मळा जळंल!"

शिवप्पांनी वेलाखाली गळालेली पिवळी काकडी उचलली. मग म्हणाले, "तसाबी गेलाच की, बाबा. काढा."

कडी निघाली. उन्हानं नीलम्माचे डोळे मिटले. बाबानं उघड्या हातांनी एका वेलावर मंत्र घातला. नीलम्मानं टोपलीतली फुलं घेऊन दुसऱ्या वेलाच्या फुलांत, सगळ्यांदेखत, भुकटी घोळवली. मंत्र म्हटला नाही.

"खरं ठरंस्तवर आतच ऱ्हा," गिरिजाबाई म्हणाली. पुन्हा कडी लागली. आता फट होती तरी तिला बघवत नव्हतं. एखाद्या किड्यानं काकडी खाल्ली तर? बाबानं आधीच कुणाला हाताशी धरलं असलं तर? पण शिवप्पा स्वतः वेलांपाशी ठाण मांडून बसले होते.

चौथ्या दिवशी दार उघडलं ते त्यांनीच. बाबाच्या वेलावरच्या काकड्या पिवळ्या पडून सुकल्या होत्या. नीलम्माच्या हिरव्यागार, तुकतुकीत.

बाबा गाठोडं घेऊन बांधावरून निसटत होता. शिवप्पांनी त्याला धरून आणला. "अजून येक मंत्र म्हणा, पाय सुटत्यात का बघू तुमचं!"

"सोडा मालक," बाबा काकुळतीला आला. "नवाबाच्या बागेत माळ्याच्या हाताखाली होतो. तिथं ही भुकटी घोळवताना बघितलं."

"चल ग, घरात चल," गिरिजाबाई हळूच म्हणाली.

नीलम्मा हलली नाही. "आत्याबाई, पयला बहर निसत्या भुकटीच्या फुलांचाच असतोय, त्यो गळणारच. काकडीचं फूल मागनं येतं. दोन्ही ऱ्हायली तर फळ धरतं. ह्यात कुणाची सावली न्हाय, कुणाचा मंत्र न्हाय. कुणी कायबी सांगितलं तर आधी घोंगडी उचलून बघा. बाईला कोंडायच्या आधी तरी बघा."

मग ती मल्लिनाथकडं वळली. "आन् मूल का हुईना, हेबी दोघांनी मिळून डाक्टरला विचारू. मला एकटीला न्हाय, दोघांला तपासू द्या. तयारी असंल तर म्या घरात येती."

मल्लिनाथनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग त्यानं खोलीच्या दाराची कडी उपटून काढली.

"उद्याच धाराशिवला जाऊ," तो म्हणाला.