उसना नेलेला ठसा

मी ठसा बोलतोय. पोलीस घेतात तो बोटांचा नव्हे. कापडावर वेलबुट्टी छापतात तो, वीतभर लांबीचा, शिसवी लाकडाचा. सध्या माझा मुक्काम एका संग्रहालयात, काचेच्या पेटीत आहे. पेटीत छोटा दिवा आहे, हवा मोजायचं यंत्र आहे आणि खाली पाटी आहे: 'ठसा. अनामिक कारागीर. पुरातन परंपरा.' तीन गोष्टी लिहिल्या आहेत, त्यातली पहिली खरी आहे.

मला कोरलं मास्तरांनी. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. हात साफ म्हणून गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. आणि माझी वेल पुरातन वगैरे मुळीच नाही. मास्तर एकदा दाढी करायला गेले. न्हाव्यानं नव्या दुकानाच्या भिंतीला जुन्या बाजारातल्या फरशा लावल्या होत्या, कुठल्याशा परदेशी बोटीच्या न्हाणीघरातल्या होत्या म्हणे. गालाला साबण लावून बसलेल्या मास्तरांना समोरच्या आरशात फरशीवरची वेल दिसली. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून कागद मागितला. आरशात वेल उलटी दिसत होती, त्यांनी ती उलटीच कोरली, आणि ठशाचं कापडावर उलटं उमटतं म्हणून ती आपोआप सुलटी झाली. फरशीवरच्या फुलाला सहा पाकळ्या होत्या. मास्तरांनी पाच केल्या, कारण सहावीला लाकूड पुरेना. पुढे एका विदुषीनं या पाच पाकळ्या म्हणजे पाच इंद्रियं, असा चाळीस पानी निबंध लिहिला.

तेव्हा चोरीचं म्हणाल तर माझा जन्मच तसला आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर म्हणाल की एवढंसं लाकूड आणि साळसूदपणा केवढा.

आमच्या गल्लीत छपाईची अकरा घरं होती आणि ठसे घरोघर फिरत. कुणाकडे चादरींचं मोठं काम आलं की तो शेजाऱ्याच्या दारात उभा, 'तुमची वेल द्या हो चार दिवस.' नाही म्हणायची पद्धत नव्हती. पण ठसा परत आणताना धुवून आणायचा, त्यानं छापलेल्या पहिल्या कापडाचा तुकडा सोबत द्यायचा, आणि कुणी विचारलं तर ठसा कुणाचा ते सांगायचं, एवढं प्रत्येकजण पाळायचा. त्याचा कागद कधी झाला नाही. मी सगळ्या अकरा घरांत राहून आलोय. समोरच्या काकू तेवढ्या मला धुवायचा कंटाळा करत, आणि त्यावरून त्यांचं नि आमच्या घरचं महिना महिना बोलणं बंद असे.

मास्तरांच्या मागे मी त्यांच्या मुलीकडे आलो. ती भाचरांची आत्या, म्हणून अख्ख्या गल्लीची आत्या. तोंडानं फटकळ, हातानं अचूक. रंगाच्या तबकात मला टेकवायची, कापडावर ठेवायची आणि पाठीत मुठीचा एक दणका. दिवसाला शेकडो दणके, असे चाळीस वर्षं खाल्ले. आणि सवय काय वाईट असते पाहा, सुट्टीच्या दिवशी मला करमायचं नाही. माझं त्या बाईवर प्रेम होतं. लाकडाला प्रेमाचं काय कळतं असं कुणी म्हणेल, पण मला कळायचं.

एके दिवशी डिझायनर बाई आल्या. मोठ्या कंपनीच्या, गळ्यात लाकडी मणी, पायात मुद्दाम साध्या चपला. त्यांनी छपाई पाहिली, चहा घेतला, माझ्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आत्या, हा आठ दिवस देता का? आमच्या लोकांना दाखवते."

"न्या की," आत्या म्हणाली. "पण धुवून आणा. कोपऱ्यात रंग अडकतो, तिथं दात घासायचा जुना ब्रश घाला."

बाईंनी वहीत लिहून घेतलं, 'पारंपरिक शुद्धीकरण.' आणि मी त्यांच्या पिशवीतून निघालो. आत्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बारावं घर, एवढंच तिच्या मनात.

कंपनीत मला रंग लागलाच नाही. माझा फोटो काढला, तो यंत्रात घातला, आणि यंत्रानं एका दुपारी जेवढं कापड छापलं तेवढं आत्यानं जन्मात छापलं नसेल. चादरी, पडदे, उशा, चपलांचे पट्टेसुद्धा. मी बाईंच्या टेबलावर शोभेला. माझ्या पाठीवर पेनं ठेवत. दुकानात पाटी लागली, 'अनाम हातांची प्रेरणा.' आता ज्या घरी तुम्ही चहा प्यायलात, तिथले हात अनाम कसे, हे मला टेबलावर पडल्या पडल्या उमगेना.

बाई मनानं वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर गोष्ट सोपी झाली असती. आठ दिवसांचं वर्ष कसं झालं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आणि कंपनीच्या वकिलांची रीत अशी, की दुकानात येणाऱ्या प्रत्येक नक्षीची सरकारदरबारी नोंद करून टाकायची आणि तसंच काही दुसरीकडे दिसलं की नोटीस धाडायची. नोटिसा यंत्रच धाडायचं. त्या कुणाच्या दारात पडतात हे बघायला माणूस ठेवलेला नव्हता.

मग वर्तमानपत्रात कुणीतरी झोड उठवली: कारागिरांची संस्कृती पळवली. बाई हादरल्या. त्यांनी कंपनीतच चर्चा ठेवली, विषय 'सांस्कृतिक उचलेगिरी: खरा प्रश्न की कांगावा?' मला मखमलीवर मधोमध ठेवलं. एक प्राध्यापक म्हणाले, संस्कृती कुणाच्या बापाची नसते. दुसरे म्हणाले, ही शुद्ध लूट आहे. पहिल्यांनी दुसऱ्यांना त्यांच्या शर्टाची नक्षी कुठली ते विचारलं. दुसऱ्यांनी सदऱ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. मला दोघांचंही पटत होतं, लाकडाचा हा दोषच आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आत्या उठली. तिला बोलावणं नव्हतं. पोस्टात काम करणाऱ्या तिच्या भाचीनं जाहिरात वाचून तिला आणलं होतं. भाचीच्या हातात कंपनीची नोटीस होती, बाजारात उरलेल्या आत्याच्या जुन्या चादरींवरून धाडलेली. तिनं ती वाचून दाखवली: ही वेल आमच्या मालकीची आहे, आपण ती छापणे तात्काळ थांबवावे.



"तुम्ही छापलंत त्याचं मला काही नाही," आत्या म्हणाली. "आमच्यात सगळेच एकमेकांचं छापतात. माझ्या बापानं तर ही न्हाव्याच्या भिंतीवरून उचलली. पण न्हाव्याला कधी फरशी काढून टाक म्हणाला नाही तो. मला छापू नको म्हणून सांगणाऱ्या तुम्ही कोण? आणि माझा ठसा अजून धुवून आला नाही."

बाई रडल्या. खरंखुरं रडल्या. आत्याचे दोन्ही हात धरून क्षमा मागितली. माझ्या मनात आलं, आता घरी. पिशवीसुद्धा आणली होती भाचीनं.

पण पश्चात्ताप झालेला माणूस फार मोठ्या मनानं वागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात बाईंनी जाहीर केलं: आदर म्हणून ही वेल बाजारातून कायमची मागे घेत आहोत. मूळ ठसा एका व्यक्तीचा नसून साऱ्या समाजाचा वारसा आहे, म्हणून तो आणि नक्षीचे हक्क संग्रहालयाला अर्पण. टाळ्या झाल्या. दोन्ही प्राध्यापक, प्रथमच, एका मताचे झाले. आत्याला कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसवलं आणि फुलं दिली.

तेव्हापासून मी इथे. वेल आता कुणीच छापत नाही. ठसा परत मिळावा म्हणून भाचीनं अर्ज केला. उत्तर आलं की समाजाच्या अधिकृत प्रतिनिधीनं तीन प्रतींत करावा. अकरा घरांतली चारच उरलीत आणि त्यांच्यात असा प्रतिनिधी कधी नव्हता.

परवा आत्या आली. तिकीट काढून. गुडघे धरत जिना चढली आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसली. नवा ठसा कोरून घ्यायचा तर जुन्याची रेघ न रेघ बघून उतरवायला हवी. कापड धुऊन आटतं, रंग पसरतो, त्यावरून कोरणारा काम करत नाही. तिनं पिशवीतून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि डोळे बारीक करून माझी वेल कागदावर उतरवू लागली. एक फूल झालं. दुसऱ्याच्या तीन पाकळ्या झाल्या.

रखवालदार आला. भला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, इथल्या वस्तूंची नक्कल काढायला मनाई आहे."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा फटकळ बाईच्या तावडीत सापडला. पण नाही. तिनं पेन्सिल पिशवीत टाकली आणि कागद फाडून त्याच्या हातात दिला. त्यानं तो अदबीनं घडी करून खिशात ठेवला, आणि जिन्यापर्यंत तिला हात दिला.

म्हणून वाचकहो, माझी एक विनंती आहे. तुमच्यात कुणी उचल्या असेल तर त्यानं सोमवारी यावं, त्या दिवशी गर्दी नसते आणि पेटीचं कुलूप नुसतं दाखवण्यापुरतं आहे. मला चोरा. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला खरोखर चोरेल, आणि तेव्हाच मी घरी पोचेन.