राजाक्का कुणाकडं?

बारशाच्या घुगऱ्या मला लई आवडायच्या. परवापर्यंत.

परवा टिळकवाडीला जयाबाईंच्या नातवाचं बारसं होतं. आई आणि मी अनगोळहून चालत गेलो. मी पहिल्यांदाच साडी नेसले होते आणि वाटेत दहा जणींना दाखवली. पण खरं तर आम्हाला बघायची होती राजाक्का.

राजाक्का म्हणजे जयाबाईंची चार वर्षांची भाची, इनामदारांची एकुलती एक लेक. तिची आई बाळंतपणात गेली, वडील जीप उलटून. माझ्या धाकट्या भावाबरोबर आईनं तिलाही अंगावर पाजलं, तीन वर्षं वाढवलं. गेल्या वर्षी जयाबाई "आमचं रक्त आहे" म्हणून तिला घेऊन गेल्या. चांदीची वाटी, करदोटा, वाळे, सगळं मोजून नेलं.

तेच वाळे पाळण्यातल्या बाळाच्या पायात! एक घुंगरू चपटं होतं, ते राजाक्कानंच चावलेलं.

बायका बाळाला पाळण्याखालून, वरून, या हातातून त्या हातात देत होत्या. सगळ्या खिदळत होत्या. मी मोठ्यानं विचारलं, "आक्का, राजाक्का कुठाय?"

"खानापूरला गं, माझ्या भावाकडं. तिथली हवा चांगली," जयाबाई म्हणाल्या.

त्यांचे भाऊ मारुतीराव व्हरांड्यात पान लावत बसले होते. मी दारात गेले. "अण्णा, राजाक्काला आणलं न्हाय व्हय?"

"आमच्याकडं दोनच महिने होती. लई रडकी पोर. निपाणीला मावशीकडं धाडली की."

राजाक्काची मावशी, म्हणजे सोनुबाई, आतच लाडू खात बसल्या होत्या. "आमच्याकडं? अगं बया! आमचा उंबरा बी बघितला न्हाय तिनं. माझीच चार हायत, त्यात आणि ही कुठं?"

तिघंही एकाच घरात. तिघांनीही एकमेकांचं ऐकलं. आणि कुणाचं खाणं थांबलं न्हाय! सोनुबाईंनी तर दुसरा लाडू उचलला.

"कुणाबरोबर धाडली?" मी मारुतीरावांना विचारलं.

"होता लाकडाच्या डेपोवरचा एक माणूस."

"नाव काय त्याचं?"

"आता न्हाय तो कामावर." त्यांनी चुना बोटावर घेतला. "चार वर्षांची पोर ती. जाऊन जाऊन कुठं जाईल?"

हातातल्या घुगऱ्या मी अंगणात फेकल्या. तूप, अत्तर, पान, सगळ्याचा एकच वास.

"बायडा," जयाबाई आईला म्हणाल्या, "तुझी पोर लई वकील झालीय गं. शुभकार्यात अभद्र नको."

एरवी आईनं मला चिमटा काढला असता. ती उठली. ओटीतल्या घुगऱ्या तिनं जयाबाईंच्या ताटात ओतल्या.

"आक्का, मी राजाक्काला दूध पाजलंय," ती म्हणाली. "तुमच्या घरचं माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय."

परतताना आई भराभर पुढं चालत होती. मी मागून बडबडत होते आणि मध्येच थुंकत होते.

आज शाळा बुडवून आम्ही खानापूरच्या गाडीत बसलोय. आधी डेपो, तिथं त्या माणसाचं नाव, मग पोलीस ठाणं. अर्ज मीच लिहिलाय, वहीची चार पानं फाडून. वय, रंग, कपाळावरचा व्रण, सगळं आहे. 'शेवटची कुणी पाहिली' याच्यापुढं मात्र जागा कोरी सोडलीय.

आईनं तिघींपुरत्या भाकऱ्या बांधल्यात.