पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव

"आज कोणता?" कमलनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तोच," अंबादास म्हणाले.

दुसरा कोणता असणार होता? दिवाळीच्या सुमाराला डिस्क टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यात अडकून बसली, ती बसलीच. पिक्चर सुरू व्हायचा, शेवटपर्यंत चालायचा, पण बाहेर काढायचं बटण दाबलं की डबा नुसता घरघरायचा आणि गप्प व्हायचा. त्यामुळे हिवराळ्यांच्या घरी रोज संध्याकाळी एकच पिक्चर लागत होता, एका प्रामाणिक इन्स्पेक्टरचा. त्यातल्या खलनायकाची वाक्यं कमल आता भाकरी थापता थापता त्याच्या आधी म्हणून टाकायची.

अंबादासांचं सगळं आयुष्य बेस्टच्या डेपोत, बसच्या पोटाखाली गेलेलं. पण निवृत्त झालेल्या या फिटरला त्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा धीर होत नव्हता. आपल्या हातून बिघडला तर? दुकानात ते एकदा घेऊन गेले होते. दुकानदार म्हणाला, "आठवडाभर ठेवून जा काका." तेवढं ऐकून ते डबा पिशवीत घालून तसेच असल्फ्याला परत आले.

पिक्चर चालू झाला की ते दिवाणाच्या एका टोकाला बसायचे. इन्स्पेक्टरशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नजर असायची टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. इन्स्पेक्टर गोदामाचं कुलूप तोडायचा, साधारण त्याच सुमाराला तिथं एक छोटी पट्टी उमटायची. इंग्रजीत लिहिलेलं असायचं, 'पिंकी_घाटकोपर ऑनलाइन आहे'. दोन-चार सेकंद राहायची आणि जायची.

मग अंबादास पाय वर घेऊन मांडी घालायचे आणि म्हणायचे, "वाढ."

कमलला सगळं दिसायचं. ती ताट वाढायची.

गेमचा डबा लेकीचा, प्रियंकाचा. घरी ती पिंकी. पहिली नोकरी लागली तेव्हा तिनं आणलेला. खोका बघून अंबादासांना वाटलं होतं, मिक्सर असेल.

"गेम? लहान आहेस काय तू?"

"बाबा, यात पिक्चरपण दिसतात."

या एका वाक्यावर डबा घरात राहिला. गेम ती एकटीच खेळायची, तेही रविवारी दुपारी, आवाज बंद करून. बाकी तो पिक्चरचाच डबा होता. शनिवारी बाप-लेक घाटकोपर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर डिस्क निवडायला जायचे. तिला मारामारीचे हवे असायचे, त्यांना जुने रडवणारे. भांडून भांडून शेवटी दोन्ही घ्यायचे. घरी दिवाणावर तिघं आणि मधे चिवड्याचं ताट. प्रियंका शेवट आधीच सांगून टाकायची आणि पाठीत धपाटा खायची. डब्यावर अंबादासांच्या नावाचं खातंही तिनंच उघडून दिलं होतं. "म्हणजे मी बाहेर असले ना, तरी मला मोबाइलवर कळेल, बाबा पिक्चर बघतायत."

मग धवल आला. तिच्या ऑफिसातला, बोरिवलीचा, गुजराती. पहिल्यांदा घरी आला तेव्हा भाकरीबरोबर कमलचा ठेचा खाऊन त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत हसत आणखी मागत होता. अंबादासांना तो आवडला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि पुढं सांगण्यात अर्थ राहिला नाही.

कारण नंतर अंबादास आणि कमल प्रियंकाबरोबर धवलच्या घरी गेले. त्याला वडील नव्हते, बोलायला मामा बसले. आई, हंसाबेन, डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत. आतून मालिकेचा आवाज येत होता. चहा झाला, फरसाण झालं, मामांनी मुंबईच्या ट्रॅफिकबद्दल बोलून घेतलं. हंसाबेन काही बाहेर आल्या नाहीत. निघताना प्रियंका आणि धवल रिक्षा बघायला पुढं गेले. अंबादास आणि कमल वर लिफ्टची वाट बघत उभे राहिले. दार नीट लागलं नव्हतं. फटीतून अंबादासांना दिसलं, हंसाबेन बाहेर आल्या होत्या. पदर खोचून त्या सोफा पुसत होत्या. सगळा नाही. हे दोघं बसले होते तेवढीच बाजू. पायाशी बादली होती. त्यांनी मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली. तेवढ्यात लिफ्ट आली.

खाली प्रियंकानं विचारलं, "बाबा, कसं वाटलं घर?"

"हे लग्न होणार नाही."

"का पण?"

"नाही म्हटलं ना!"

कारण त्यांनी सांगितलं नाही. कमललाही सांगू दिलं नाही. सांगितलं असतं तर पोरीनं हे लग्न मोडलं असतं आणि जन्मभर झुरली असती, नाहीतर सगळं माहीत असूनही त्या घरात गेली असती. दोन्ही त्यांना बघवलं नसतं. त्यापेक्षा बाप हट्टी ठरलेला बरा.

बाप हट्टी ठरला. लग्न वांद्र्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात झालं. कमल गेली, अंबादास त्या दिवशी डेपोत ड्युटीवर होते. घर सोडताना प्रियंकानं कपड्यांची बॅग तेवढी उचलली. "डबा राहू दे. आईला पिक्चर बघायला होईल," असं ती आईकडे बघत, पण बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. तिनं आणि धवलनं बोरिवलीतच वेगळं बिऱ्हाड केलं. आई-मुलीचं फोनवर बोलणं व्हायचं. अंबादास त्या वेळी गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

निवृत्त झाल्यावर रिकामपणी त्यांनी एकदा डबा लावला आणि कोपऱ्यात ते नाव उमटलं. म्हणजे तिनं तिकडे दुसरा डबा घेतला होता. बोरिवलीला गेली, तरी नावात घाटकोपर तसंच होतं. त्या दिवशी पिक्चर संपल्यावरही ते बराच वेळ टीव्हीसमोर बसून राहिले. मग रोजचंच झालं. नाव आलं, म्हणजे पोरगी ऑफिसातून सुखरूप घरी आली. बापाला तेवढं पुरत होतं. पुरत नव्हतं, पण तेवढंच होतं.

होळी झाली आणि नाव येईनासं झालं.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी पिक्चर संपल्यावर त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला. मग केबलवाल्या विशालला बोलावलं. त्यानं मोबाइलवर काहीतरी तपासलं. "काका, नेट एकदम झकास आहे. काय दिसत नाही तुम्हाला?"

"काही नाही. असंच."

इन्स्पेक्टर रोज कुलूप तोडत राहिला. कोपरा रिकामा. अंबादासांचं जेवण निम्म्यावर आलं. कमल मालाडला बहिणीकडे म्हणून जायची आणि परत आली की त्यांच्याकडे न बघता चप्पल काढायची. एका संध्याकाळी गोदामात गोळीबार सुरू असतानाच त्यांनी पिक्चर थांबवला.

घरात एकदम शांत झालं. कमल हात पुसत बाहेर आली. "काय झालं? बंद पडलं?"

"कमल, पिंकी कशी आहे गं?"

कमल दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसली. इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"ती बरी आहे," ती म्हणाली. "धवलच्या आईला लकवा मारलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पिंकी तिकडेच राहायला गेलीये. दिवसा त्यांना सांभाळायला ब्युरोची बाई येते, म्हणजे मनात आलं तर येते. बाकी सगळं हीच करते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तिनं तसंच सांगितलं होतं मला. बाबांनी स्वतःहून विचारलं तरच सांग."

अंबादासांनी पडद्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या बाईचं करते? आपली पिंकी?"

"लिफ्टसमोर मीपण उभी होते ना? मला नका आठवण करून देऊ." कमलचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मीपण म्हटलं तिला, तुझं काय अडलंय? तर म्हणाली, आई, त्यांना आता साधं 'नको'सुद्धा म्हणता येत नाही. अशा माणसाला टाकून कसं जायचं?"

टीव्हीवर इन्स्पेक्टर हवेत पाय उचलून थांबला होता.

"उद्या तुम्ही जाऊन या," कमल म्हणाली. "मी नाही येत. मी असले की ती माझ्याशीच बोलेल आणि तुम्ही भिंतीकडे बघत बसाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबादास मेट्रोनं निघाले. मांडीवर कमलनं दिलेली पिशवी, त्यात भाकऱ्या आणि लसणाची चटणी. गुंदवलीला गाडी बदलताना त्यांना वाटलं, इथूनच परत फिरावं. पण पाय गर्दीबरोबर पुढं गेले. तीच बिल्डिंग, तीच लिफ्ट. बेल वाजवून ते दोन पावलं मागं सरकून उभे राहिले.

दार प्रियंकानं उघडलं. गाऊनच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, केस कसेतरी वर बांधलेले. गालाची हाडं दिसत होती.

"बाबा?"

"हं."

"आईनं पाठवलं?"

"मी विचारलं तिला," अंबादास म्हणाले. "तुझं."

प्रियंकानं दाराची कड घट्ट धरली. मग बाजूला होऊन म्हणाली, "या ना. आत या. ब्युरोची बाई आज आलीच नाही, सगळा पसारा आहे."

बाहेरच्याच खोलीत हॉस्पिटलसारखी कॉट लावली होती. तिच्यावर हंसाबेन पडून होत्या, ओठ एका बाजूला ओढलेले. त्यांचे डोळे मात्र शाबूत होते. त्या डोळ्यांनी अंबादासांना लगेच ओळखलं. अंबादासांनी हात जोडले. सोफा भिंतीला सरकवला होता. ते त्यावर बसले नाहीत, कॉटजवळची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली.

प्रियंका जमिनीवर घातलेल्या गादीवर बसली. अंबादासांनी भाकऱ्यांची पिशवी तिच्यापुढं ठेवली. ती उघडत प्रियंका म्हणाली, "इकडे गेम नाही आणला मी. तिकडेच राहिला."

"हो. म्हणजे... दिसत नव्हतीस."

"तुम्ही बघायचात?"

अंबादासांनी मान हलवली.

"मीपण," प्रियंका म्हणाली. "ऑफिसातून आले की आधी तोच चालू करायचे. बाबा ऑनलाइन. मग बरं वाटायचं. खेळायला वेळ कुठला, बाबा? स्वयंपाक करायचा असायचा. नुसता चालू करून ठेवायचे. म्हटलं, माझं नाव दिसत असेल तुम्हाला." तिनं ओल्या बाहीनं नाक पुसलं. "कोणता पिक्चर बघायचात रोज?"

"एकच. डिस्क अडकलीये आत."

"मग काढायची ना! तुम्ही फिटर ना?"

"काढताना डबाच बंद पडला असता तर?"

ती हसायला गेली आणि तिचा चेहरा मधेच वाकडा झाला. अंबादासांनी हात पुढं केला, पण मधे कॉटचा पाय होता. हात तिच्यापर्यंत पोहोचला नाही आणि त्यांनी तो परत घेतला.

थोड्या वेळानं ती डोळे पुसून म्हणाली, "बाबा, एक विचारू? धवल तुम्हाला आवडला होता. मला कळलं होतं ते. मग इथून निघाल्यावर असं काय झालं? मला कधी कळलंच नाही."

अंबादासांनी कॉटकडे बघितलं. हंसाबेन त्यांच्याकडेच बघत होत्या. चादरीवरचा त्यांचा डावा हात वळला होता, मूठ घट्ट झाली होती. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि त्यांना एक शब्दही बोलता येणार नव्हता.

"काही झालं नव्हतं," अंबादास म्हणाले. "माझंच डोकं फिरलं होतं. जाऊ दे आता ते."

हंसाबेननी डोळे मिटून घेतले. मूठ हळूहळू सुटली.

प्रियंकानं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि चावता चावताच तिची मान झुकायला लागली. "परवापासून धड झोप नाही, बाबा. पाच मिनिटं पडू? तुम्ही थांबाल ना? त्यांनी पाणी मागितलं तर मला उठवा. चमच्यानं द्यावं लागतं. भराभर दिलं तर ठसका लागतो."

"पड तू. आहे मी."

ती गादीवर कलंडली आणि त्यांच्याकडे पाठ करून लगेच झोपली. खाली शाळेची बस आली, पोरांचा गलका झाला आणि विरला. अंबादासांना तिच्याशी कितीतरी बोलायचं होतं. जेवतेस का, धवल मदत करतो का, पाठ दुखायची ती राहिली का. घरी कधी येशील. नुसती हाक मारून तिची 'ओ' ऐकावीशी वाटत होती. ते तिच्या पाठीकडे बघत बसले.

कॉटवरून घशातल्या घशात आवाज आला. हंसाबेन जाग्या होत्या. डावा हात टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे जाऊ बघत होता.

अंबादासांनी प्रियंकाकडे पाहिलं. तिला उठवायला ते वाकले, तिच्या खांद्यापर्यंत हात नेला आणि थांबले. मग उठून त्यांनी बेसिनवर हात धुतले, भांडं घेतलं, एक हात उशीखाली घालून हंसाबेनचं डोकं थोडं वर केलं आणि चमचा ओठांपाशी धरला.

हंसाबेन त्या हाताकडे बघत राहिल्या. अंबादासांनी घाई केली नाही. चमचाही मागं घेतला नाही.

हंसाबेननी तोंड उघडलं.

अर्धं पाणी आत गेलं, अर्धं हनुवटीवरून ओघळलं. अंबादासांनी खिशातला रुमाल काढून ते टिपलं. "सावकाश," ते हलक्या आवाजात म्हणाले.

मागं प्रियंकानं झोपेत कूस बदलली. आता तिचा चेहरा त्यांच्या बाजूला होता, लहानपणी असायचं तसं तोंड किंचित उघडं. अंबादासांनी तो मन भरून पाहून घेतला. मग आवाज होऊ नये म्हणून भांडं छातीशी धरून त्यांनी चमचा पुन्हा पाण्यात बुडवला.