सहावी चकती

"फिरतोय ना रोलर? मग उचलत का नाहीये?"

तुफान जमिनीवर पालथी पडून ओरडत होती. नाकासमोर रोबो. रोबोचा रबरी रोलर गरगर फिरत होता आणि सरावाला इथेच मिळालेली खालची पिवळी चकती जागची हलायचं नाव घेत नव्हती. रोलर तिच्यावरून नुसता घसरत होता, ती आपली ढिम्म.

"स्पीड वाढव."

"फुल आहे," कासव म्हणाली. बोलायला, जेवायला, जिना उतरायला ही मुलगी जगात सगळ्यात हळू, म्हणून कासव. पण रोबोचा रिमोट हातात आला की तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

"फुल असून ही तऱ्हा?"

मावशी भिंतीशी खुर्चीवर बसून हे बघत होत्या. शाळेच्या वर्कशॉपची झाडलोट, पुसापुशी आणि कुलूप-किल्ली हे त्यांचं पंधरा वर्षांचं काम. मुली स्पर्धेला परगावी निघाल्या, सोबत कुणी बाईमाणूस हवं, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना धाडलं होतं. मुलींचं खाणंपिणं बघायचं आणि बसून राहायचं. रोबोतलं आपल्याला काय कळतंय, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

खरं तर त्यांना बरंच कळत होतं. ताटलीएवढी चकती जमिनीवर पडलेली असते. रोलरने तिची कड पकडायची, तिला उतारावर ओढून घ्यायचं, डब्यात जमवायचं आणि गोलमध्ये ओतायचं. ही सगळी तुफानच्या डोक्यातली करामत. त्याआधी दोन बोटांचा पंजा होता, त्याला एक चकती उचलायला अकरा सेकंद लागायचे. रोलरला दोन! शाळेत तो चकत्या अशा गिळायचा की बघणाऱ्याने टाळ्याच वाजवाव्यात. आणि इथे सकाळपासून दोन सामन्यांत मिळून एक चकती. शेवटचा सामना चाळीस मिनिटांवर आला होता. गोलमध्ये सहा चकत्या पडल्या तर पुढची फेरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

"खोक्यातून पंजा काढ," तुफान उठून बसली.

"वेडी आहेस का? पंजाने तीनसुद्धा होणार नाहीत."

"शून्यापेक्षा तीन बरे." तिचा आवाज चिरकला. ते लपवायला तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि रोलरचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.

तिच्या पायाचा धक्का लागून चकती घसरत मावशींपाशी आली. त्यांनी उचलली आणि बोट फिरवलं. बोट सरकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग चकती नाकाशी नेली. नव्या कोऱ्या बादलीला येतो तसला तेलकट वास.

शाळेतल्या चकत्या अशा नव्हत्या. त्यांच्यावर बोट ओढलं की कर्र वाजायचं.

का ते मावशींना लगेच कळलं.

कारण शाळेतल्या वीसच्या वीस चकत्या त्या रोज संध्याकाळी धूत होत्या. गरम पाणी, साबण, मग कोरडं फडकं. रोलरच्या रबराचे काळे ओरखडे त्या पिवळ्याधमक चकत्यांवर त्यांना बघवत नसत. धुवा असं कुणी सांगितलं नव्हतं. उलट मुली म्हणायच्या, मावशी, काय चकाचक!

रोलरला पकड मिळत होती ती त्यांच्या साबणामुळे. इथल्या चकत्या कारखान्यातून आल्या तशाच होत्या.

गप्प बसणं सोपं होतं. कुणाला कधी कळलंही नसतं. मुली म्हणाल्या असत्या रोलर वाईट होता, तुफान म्हणाली असती माझं डोकंच वाईट. दुसरा स्क्रू टणकन खाली पडला.

"तुफान, थांब."

"मावशी, आत्ता खायला नको हं."

"खायचं नाही गं. रोलर काढू नकोस. तो चांगला आहे." मावशींनी चकती पुढे केली. "चूक माझी आहे."

त्यांनी सांगितलं. सगळं, साबणासकट.

"रोज?" तुफानने विचारलं.

"रोज."

"तीन महिने?"

"रविवार सोडून."

कासवला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात कोंबलं. तुफान मात्र लालबुंद झाली. "पण तुम्हाला सांगितलं कुणी होतं, मावशी!"

पंधरा वर्षांत मावशींनी बोलणी काही कमी खाल्ली नव्हती, पण ती सगळी काही अस्वच्छ राहिलं म्हणून. स्वच्छ केल्याबद्दल ही पहिलीच.

तुफानने त्यांच्या हातातली चकती ओढून घेतली. अंगठा घासला, एकदा, दोनदा. आणि मग ती अचानक शांत झाली. तिला ओळखणाऱ्यांना माहीत होतं, आता हिचं डोकं चालू झालं.

"इथल्या चकत्या पुसता येणार नाहीत. सामन्याच्या चकतीला हात लावला की बाद. म्हणजे रोलरच सुधारायचा. कासव, रोलर दोन मिलिमीटर खाली घे, दाब वाढेल. आणि स्पीड निम्मा कर."

"निम्मा?"

"घसरतोय म्हणून आपण जोरात फिरवतोय, आणि जोरात फिरवतोय म्हणून तो आणखी घसरतोय! शिवाय हे रबर गुळगुळीत झालंय, ते खरखरीत हवं. पॉलिश पेपर आहे, पण एवढं रबर वीस मिनिटांत घासणार कोण?"

मावशींनी बाह्या वर सारल्या. "घासायचं तेवढं माझ्यावर सोड."

त्यांनी रोलर मांडीवर घेतला आणि जो हात चालवला, की काळी भुकटी चपलांवर उडायला लागली. तुफान त्यांच्याशी बोलत नव्हती. फक्त मधूनमधून बोट दाखवायची, "इथे." मावशी तिथे घासायच्या.

सामन्याचा भोंगा वाजला तेव्हा मावशी प्रेक्षकांत जाऊन बसल्या. दोन मिनिटांचा खेळ. रोबो पहिल्या चकतीपाशी गेला, रोलर टेकला, क्षणभर थरथरला आणि चकती गप्पकन आत!

मावशी उभ्या राहिल्या. दोन. तीन. समोरच्या रोबोने धडक मारली, कासवने आपला रोबो वळवून तिथेच चौथी उचलली. पाचवी. पाचही गोलमध्ये पडल्या. बारा सेकंद उरले होते आणि सहावी पार पलीकडच्या भिंतीशी होती. रोबो तिकडे सुटला. कड पकडली, चकती उतारावर निम्मी चढली, रोबो गोलकडे वळला.

भोंगा.

सगळं जागच्या जागी थांबलं. फळ्यावर पाचचा आकडा तसाच राहिला. मावशींच्या आजूबाजूची माणसं खाली बसली, त्या उभ्याच.

मैदान रिकामं करायला पंच आले. रोबोच्या तोंडात अडकलेली चकती त्यांनी एका हाताने ओढली. नाही आली. मग दोन हातांनी. मग रोबोवर गुडघा टेकवून.

"अहो, काय लावलंय काय याला?" ते घामाघूम होऊन म्हणाले. "काढा तुमची तुम्ही."

तुफानचे डोळे वाहत होते, पण पंचांची ती झटापट बघून तिला हसू आवरेना. तिने वर प्रेक्षकांत नजर फिरवली आणि हाक मारली, "मावशी! या ना खाली!"

"मैदानात फक्त टीम," पंच म्हणाले. "यांच्या गळ्यात बिल्ला कुठाय?"

"नाहीये," तुफान म्हणाली. "पण टीमच आहे."

मावशी एकेक पायरी उतरून आल्या. गुडघ्यांवर बसल्या, काळ्या पडलेल्या दोन्ही तळव्यांत रोलर धरला आणि सावकाश उलटा फिरवला. चकती अलगद सुटली. तिच्यावर रबराचा एक लांब काळा ओरखडा उमटला होता.

त्यांनी तो पुसला नाही. चकती तशीच पंचांच्या हातात दिली.