वाफेच्या नळाजवळची साखळी

"ओटिलिया, माझ्या माणसाचे कपडे वर आहेत का गं? तेवढंच सांग."

त्रुडा खाणीच्या आंघोळघराच्या दारात उभी होती. ओटिलियाने हातातली झाडणी भिंतीला टेकवली.

"आहेत," ती म्हणाली.

"आणि तुझ्या माणसाचे?"

"त्याची साखळी रिकामी आहे."

"बरं झालं बाई तुझं," त्रुडा म्हणाली आणि फाटकाकडे, बाकीच्या बायकांत निघून गेली. तिथे सकाळी दहापासून सगळ्या उभ्या होत्या. खाली खाणीत स्फोट झाला तेव्हा कपातला चहा हलला होता, इतका जवळ. आता तीन वाजले होते आणि कंपनीला अजून एकही नाव सापडलं नव्हतं. पगार कापताना मात्र ह्याच लोकांना प्रत्येक नाव तोंडपाठ असायचं.

नावं ओटिलियाला ठाऊक होती. ह्या खाणीत कपाटं नव्हती. प्रत्येकाची एक साखळी. घरचे कपडे आकड्याला अडकवायचे, छतापर्यंत ओढायचे, खाली भिंतीशी कुलूप घालायचं. माणूस खाणीतून वर आला की कपडे खाली येतात. नाही आला तर वर लटकत राहतात. बावीस वर्षं ती ह्या फरशा धूत होती. तिला यादी लागत नव्हती.

दोनशे सात, एवाल्डची साखळी, स्फोटानंतर तिने आधी तीच बघितली. आकडा रिकामा, कुलूपही नाही. म्हणजे नवरा आज कामावर आलाच नव्हता. शुक्रवारच्या भांडणाचा रुसवा अजून गेला नव्हता तर. पहाटे न बोलता घरातून निघाला तो सरळ भावाकडे, तिथे ठेवलेल्या आपल्या कबुतरांत जाऊन बसला असणार. तिने त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि ती बाकावर जाऊन बसली.

भांडण तरी कशावरून? म्हातारा रुफिन निवृत्त झाला. त्याची साखळी ओळीच्या अगदी टोकाला, छतापर्यंत गेलेल्या वाफेच्या नळाजवळ. तिथले कपडे अंगात घालताना पावासारखे गरम लागतात, असं एवाल्ड म्हणायचा. साखळ्या वाटायचं काम ओटिलियाकडे, म्हणून त्याने ती सगळ्यांसमोर तिच्याकडे मागितली.

"मला दे ना ती. घरातल्या माणसाला एवढं तरी?"

"वर्षभर ती कोणाला द्यायची नाही. रीत आहे."

"रीतीला सांधेदुखी नसते, ओटिलिया."

"मग नळाला मिठी मारून बस."

सगळे खदखदून हसले. एवाल्ड हसला नाही. तेव्हापासून घरात दोघांचे चमचेच काय ते बोलत होते.

आणि आता फाटकाशी जाऊन त्या बायकांत उभं राहायची तिला लाज वाटत होती. त्यांच्यात जावं तर आपलं माणूस सुखरूप. इकडे थांबावं तर वरून ते कपडे बघतात. ती तीच फरशी पुन्हा धूत राहिली.

कचेरीतला शिमोन साहेब आला. बूट चकचकीत.

"बाई, वरचे कपडे उतरवून पोत्यांत भरा. मंत्री येतायत, फोटोवाले आहेत. बरं दिसत नाही."

"माणसं अजून खाली आहेत, साहेब."

"मी कपड्यांबद्दल बोलतोय. किती आहेत?"

"तेरा." तिने सकाळी एकेक ओळखीचं कुलूप बघत मोजले होते.

त्याने हातातला कागद बघितला. "खाली उतरताना नेलेले चौदा दिवे दिवाखोलीत परत आलेले नाहीत."

"तेरा," ती म्हणाली आणि ह्या वेळी कुलपं न बघता वर, छताकडे बघितलं. गाठोडी मोजली. मग मोजत मोजत ओळीच्या टोकाला गेली, जिथे सकाळी तिने पाहिलंच नव्हतं, कारण तिथे कोणी असायचं कारण नव्हतं.

रुफिनच्या साखळीला कुलूप होतं. पितळी, कडीवर लाल रंगाचा ठिपका. त्याची दुसरी किल्ली तिच्याच जुडग्यात होती, कारण एवाल्ड किल्ल्या हरवायचा.

तिने कुलूप काढलं. साखळी सोडली तशी तपकिरी कोट हळूहळू खाली उतरला. बाहीला तिनेच हिरव्या दोऱ्याने घातलेलं रफू. कोट उलटा झाला आणि खिशातले मक्याचे दाणे टपटप फरशीवर पडले, कबुतरांसाठी नेलेले.

तिने बाही हातात धरली. गरम होती. म्हणत होता त्याहूनही गरम.

"बाई, पोतं देऊ का?" शिमोन साहेब म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी साखळी ओढली, कोट पुन्हा पार वर, नळाला लागेल इतका नेला, कुलूप घातलं आणि जुडगा चोळीत टाकला.

"खाली ठेवला तर थंड होईल," ती म्हणाली. "बाकीच्यांनाही हात लावायचा नाही."

साहेब काहीतरी बोलत बाहेर गेला. फाटकाशी गाड्यांचे आवाज आले. ओटिलिया गुडघ्यांवर बसली आणि ओल्या फरशीवरचे दाणे एकेक करून ओच्यात गोळा करू लागली. कबुतरांना आज कोणी काही घातलं नसणार.